दोनदा टॅब

१ फेब्रुवारी

आले बाई एकदाची! सामान म्हणजे दोन बॅगा, एक वळकटी आणि लॅपटॉप. खोली कंपनीनेच दिली आहे, आवाराच्या भिंतीला लागून. खिडकी उघडली की समोर शीतगृहाची लांबच लांब पांढरी भिंत आणि मालाचे ट्रक. सुंदर वगैरे नाही, पण ऊन भरपूर येतं. नळाला पाणी आहे, दाराला कडी आहे, शेजारी कुणी नाही. आणखी काय पाहिजे?

ही वही खारूने दिली. निघताना हातात कोंबली आणि दम भरला की रोज लिहायचं, मी आल्यावर सगळं वाचणार, गाळलेलं चालणार नाही. आठ वर्षांची आहे, पण तोरा मास्तरणीचा. मार्च अखेरपर्यंत माझी उमेदवारी. काम पसंत पडलं तर नोकरी पक्की आणि वर दोन खोल्यांचं घर. मग खारूला ताईकडून इथे आणायची. मावशी कितीही जीव लावत असली तरी पोर आईपाशी हवी. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच एकमेकींना आहोत. तेव्हा काम पसंत पडणारच. न पडायला काय झालं?

३ फेब्रुवारी

मॅनेजरबाईंनी सगळं फिरवून दाखवलं. मोठ्या मोठ्या थंड कोठ्या, आत फळं, मासे, औषधं. बाहेर धक्क्यावर माल उतरतो आणि तिथल्या कॉम्प्युटरवर नोंद होते. सगळ्यांच्या हातात जाड हातमोजे, त्यामुळे माउस कुणाला धरता येत नाही. म्हणून इथे अजून जुनी काळी स्क्रीन: अक्षरं, रेघांच्या चौकटी, बाकी काही नाही. सगळं कीबोर्डवर. लोक नाकं मुरडतील, मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. मी आयुष्यभर हेच केलं आहे.

काम असं: जुन्या स्क्रीन मोडकळीला आल्या आहेत, त्या नव्या विजेट लायब्ररीत परत बांधायच्या. खारू, तू वाचशील तेव्हा तुला कळावं म्हणून सांगते. विजेट म्हणजे स्क्रीनचे तयार तुकडे. एक चौकट, एक यादी, एक बटण, एक लिहायचा रकाना. ते नीट मांडायचे. एका वेळी एकाच तुकड्याकडे फोकस असतो. तिथेच कर्सर लुकलुकतो आणि बोटं दाबतील ते तिथेच उमटतं. टॅब दाबलं की लिहिलेलं पक्कं होतं आणि फोकस पुढच्याकडे जातो. एस्केप दाबलं की ज्या रकान्यात आहोत, त्यातलं सगळं गेलं. झालं तुझं शिक्षण!

माझ्याआधीचे गृहस्थ काम समजावून देणार होते. मॅनेजरबाई म्हणाल्या की हल्ली त्यांचं काम पुढे सरकत नाही, म्हणून तुम्हाला घेतलं. ते कुठे आहेत विचारलं तर म्हणाल्या, इथेच होते आत्ता, येतील. त्यांच्या खुर्चीवर करडा स्वेटर आहे, टेबलावर कप. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, आले नाहीत. मोठे बेपत्ता गृहस्थ दिसतात.

८ फेब्रुवारी

बेपत्ता गृहस्थ अजून बेपत्ता. ज्याला विचारावं तो म्हणतो, अहो, आत्ता होते की इथे. स्वेटर तसाच, कपात धूळ. मी कप घासून ठेवला. येतील तेव्हा येतील.

आज एक गंमत पाहिली. धक्क्यावर वजनकाट्याशी एक जण बसतो, त्याला सगळे काटेवाले म्हणतात. भारी बोलका माणूस. त्याचा नोंदीचा हात बघत होते. मालाचं नाव, टॅब. नग, टॅब. कोठी, टॅब-टॅब. मग तापमान. मधे दोनदा का? तर म्हणे तिथे दोनदाच दाबायचं असतं. का पण? एकदा दाबलं तर मधेच थांबतं, आणि तिथे थांबू नये. कुणी सांगितलं? त्याला शिकवणाऱ्याने. त्याला कुणी सांगितलं, ते त्याने विचारलं नाही. बाकीच्यांची बोटंही तिथे टकटक दोनदाच पडतात.

मी कोड उघडून बसले. खरंच तिथे एक रकाना आहे. त्याला चौकट नाही, नाव नाही, रुंदी शून्य. दिसत नाही, पण फोकस घेतो. कुणीतरी कशासाठी तरी घातला असेल आणि विसरला असेल. असली अडगळ प्रत्येक जुन्या कोडमध्ये असते.

काढून टाकणार होते. पण आमच्या धंद्यात एक नियम आहे, लोकांच्या बोटांची सवय मोडायची नाही. रकाना काढला तर त्यांचा दुसरा टॅब तापमान ओलांडून जाईल आणि कुणाच्या तरी औषधांचं वाटोळं होईल. तेव्हा राहू दे बापडा. नव्या स्क्रीनमध्येही ठेवते.

१५ फेब्रुवारी

खारूशी फोन. आज ताईचा जुना लॅपटॉप घेऊन बसली होती, मला फोनवरून शिकवायला लावलं. टॅब शिकली. एस्केपला तिने नाव ठेवलंय, पळपुटं बटण. कुठे फसलं की पळपुटं दाबायचं. आणि मी तिला माझी जुनी सवयही दिली, की नवा रिकामा रकाना दिसला की आधी आपलं नाव टाकून बघायचं. चालतो की नाही लगेच कळतं. तिने टाकलं, आडनावासकट. खुशीत होती.

फोन ठेवल्यावर खोली फार मोठी वाटली. इथे लोक चांगले आहेत, पण पाच वाजले की आपापल्या घरी. मी डबा उघडून भिंतीशी जेवते. रडू आलं, खोटं कशाला लिहू. मग उठून तिच्यासाठी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला. फ्रॉक मावतील.

२२ फेब्रुवारी

नवी स्क्रीन तयार! चौकटी सरळ, रंग डोळ्यांना सोसणारे, बाण दाबले की यादी सुरळीत सरकते. धक्क्यावर बसून सगळं तपासलं. त्या न दिसणाऱ्या रकान्यातही थांबले. फोकस घेतो तर लिहून घेतो का, ते बघायला नको? टाकलं माझं नाव. दुसरं काय टाकणार? कुठल्याही प्रोग्रॅमरला विचारा, पहिली चाचणी स्वतःच्या नावाची. दिसलं अर्थातच काही नाही. टॅब मारला, पुढे गेले.

दुपारी बेपत्ता गृहस्थ उगवले! दारात उभे. दाढी वाढलेली, शर्ट अंगावर लोंबतोय. मॅनेजरबाई मान वर न करता म्हणाल्या, या, चहा आलाय. जसे काही पाच मिनिटांपूर्वी बाहेर गेले होते. त्यांनी मात्र एकेकाचा हात धरला. काटेवाल्यांचा तर सोडेनात. दोन्ही हातांनी कप धरून चहा प्यायले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग मला पाहिलं, नव्या स्क्रीनकडे पाहिलं, आणि तोंड पांढरंफटक पडलं. मी काय लिहिलं, कुठे लिहिलं, असं विचारलं. मी हसत सांगितलं. स्वेटरही न घेता निघून गेले. अजबच प्राणी!

२५ फेब्रुवारी

स्क्रीन सगळ्यांना आवडली. मॅनेजरबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की काम झकास झालंय. मी समोरच होते, पण माझ्याकडे बघून नाही सांगितलं.

चहाचा ट्रे आला. माझ्या डावीकडच्याला कप, उजवीकडच्याला कप. मी म्हटलं, अहो, मी काय घोडं मारलंय? पोऱ्याने ऐकलं नाही. कामाचा माणूस, गडबडीत असेल. उठून स्वतः घेतला.

२७ फेब्रुवारी

आजही चहा नाही.

मुख्य दार आपोआप उघडतं, ते माझ्यासाठी उघडेना. हात हलवले, नाचले अक्षरशः. मागून काटेवाले आले तेव्हा उघडलं आणि मी त्यांच्या मागून आत शिरले. नेहमी मागे वळून थांबतात, आज थांबले नाहीत. मी गुड मॉर्निंग म्हटलं. ते गुणगुणत पुढे गेले.

बैठकीत मॅनेजरबाईंनी प्रत्येकाला विचारलं, काही सांगायचंय का. माझ्या अलीकडचा बोलला, मग पलीकडचा. मी हात वर करून उभी राहिले. मॅनेजरबाईंची नजर माझ्यावरून गेली आणि पुढच्या खुर्चीवर टेकली. थट्टा करत असतील तर पुरे झाली. मी चिडले आहे, पण त्याहून जास्त घाबरले आहे.

२ मार्च

ताईला फोन लावला. तिने उचलला. हॅलो, हॅलो करत राहिली. मी ओरडून बोलले. ती म्हणाली आवाज येत नाहीये आणि ठेवला. चार वेळा लावला, चारही वेळा तेच. पाचव्यांदा खारूने घेतला. तिने विचारलं, आई, तू आहेस ना? मी आहे गं, आहे म्हणत राहिले. मग मावशीला म्हणाली की आई आहे, पण बोलत नाहीये.

मेसेज पाठवले. जात नाहीत.

५ मार्च

कळलं. जसं झालं तसं लिहिते.

धक्क्यावर काटेवाल्यांच्या शेजारी उभी होते. ते नोंद करत होते. कोठी, टॅब— आणि त्यांनी मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं हसले. बोलायला तोंड उघडलं. टॅब— आणि नजर विझली. पुढचा ट्रक. टॅब— हसले, अरे मॅडम म्हणाले— टॅब. गेलं. दिवसभर असंच. त्यांना त्यात काही वेगळं वाटत नाही. म्हणून तर कुणी विचारलं की सगळे म्हणतात, आत्ता होत्या इथे.

तो रकाना म्हणजे मी. सगळे मला ओलांडून जातात.

कोड उघडून नाव काढायला गेले. माझ्या बोटांनी कीबोर्डवर काही उमटत नाही. या वहीत मात्र उमटतं. एवढंच उरलंय.

८ मार्च

आधीचे गृहस्थ स्वेटर न्यायला आले. मी त्यांना दिसत नाही, पण खुर्चीकडे तोंड करून हळू आवाजात बोलले. त्यांनीही चाचणीला स्वतःचंच नाव टाकलं होतं. मग घरी बायको रोज दोन ताटं वाढायची आणि एकटी जेवायची, आणि हे समोर बसलेले. कुणीतरी नवं तिथे नाव लिहून टॅब मारल्याशिवाय सुटका नाही. तिथे लिहिलेलं मागे खोडता येत नाही. एक तर टॅब, म्हणजे लिहिणारा आत आणि आतला बाहेर. नाहीतर एस्केप, म्हणजे आतलं सगळं कायमचं गेलं. कुणाचं बोट चुकून एस्केपवर पडू नये म्हणून ते रोज देवाला हात जोडायचे. क्षमा मागितली. म्हणाले, मला घरी जायचं होतं हो. तुम्हाला थांबवता आलं असतं तरी थांबवलं असतं का, ते मला सांगता येत नाही.

मी त्यांच्या तोंडावर वाट्टेल ते बोलले. त्यांनी स्वेटरची घडी घातली आणि गेले. रकाना काढून टाकायचं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. त्यात मी आहे म्हणून हात लावत नाही, असं जाता जाता म्हणाले.

११ मार्च

धक्क्यावर नवी मुलगी येणार आहे शिकायला. तिला दोनदाचं कुणी सांगितलं नाही तर—

वाईट आहे, माहीत आहे. तरी लिहिते. कुणीही चालेल. मला खारूकडे जायचंय. कुणीही चालेल.

१३ मार्च

आली. काटेवाल्यांनी पहिलंच वाक्य तेच सांगितलं. टकटक, दोनदा. मी तिच्या खांद्याशी उभी राहून रडले. तिने थंडी वाजल्यासारखा अंगावरचा स्वेटर ओढून घेतला.

आणि मला बरंही वाटलं. का ते कळत नाही.

१८ मार्च

कुणाचा आवाज माझ्यासाठी नाही. खोलीत बोलून बघते. भिंतीला लागून यंत्रांची घरघर—

तिकीट आधीच काढलेलं आहे ताईचं आणि खारूचं. खारूच्या सुट्टीचं. परवा येतात.

२० मार्च

बसस्टँडवर गेले. उतरल्या. खारू उंच झालीय. केस कापलेत ताईने, वाकडे. मी समोर. अगदी समोर. खारूने माझ्यातून पलीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग डावीकडे. ताई म्हणाली, बघ तुझी आई, सांगूनही आली नाही. खारू म्हणाली, कामात असेल.

मी बॅग उचलायला गेले. उचलली जात नाही—

त्या शीतगृहाकडे निघाल्या. मी बरोबर चालतेय. तिच्या बाजूने. तिचा हात लोंबतोय, मी धरलाय, तिला—

२० मार्च, थोड्या वेळाने

मॅनेजरबाई ताईला सांगताहेत, आत्ता होत्या इथे. ताई चिडलीय. आवाज चढलाय. काटेवाले पाणी आणायला उठले.

खारू त्यांच्या खुर्चीत बसली.

नको.

मी केलेली स्क्रीन तिला ओळखीची. फोनवर वर्णन केलं होतं. रंग बघून हसली. मालाचं नाव नाही भरलं, नुसतं टॅब. टॅब. टॅब—

थांबली. एकदाच. तिला दोनदाचं कुणी सांगितलेलं नाही.

मान वर केली.

खारू मला बघतेय. आई म्हणाली. देवा, आई म्हणाली. मी बोलतेय, तिला ऐकू जात नाही. ओठ वाचता येत नाहीत तिला. माझा हात तिच्यापर्यंत पोचत नाही. वही दिसेल. ही वही दिसेल—

कर्सर लुकलुकतोय. ती हसतेय. बोट उचललं. मला दाखवतेय की मी शिकले, बघ, रिकामा रकाना, आधी आपलं—

पहिलं अक्षर दाबलं

खारू थांब. हे वाच. मोठ्या अक्षरात लिहितेय. वाच.

नाव लिहू नको.

टॅब दाबू नको. टॅब नको गं बाळा. खोडू नको, तिथे खोडलं जात नाही. तसंच सोडून उठू नको, काटेवाले येऊन टॅब दाबतील.

पळपुटं बटण दाब. डावीकडे सगळ्यात वर. शिकवलंय ना.

विचारतेय की तू येशील ना बाहेर. मान हलवली मी. हो.

हो, येते. फाटकापाशी भेटते. वेणी घालून देईन, वाकडे केस सरळ करू. दोन खोल्यांचं घर आहे. खालचा कप्पा तुझा. दाब राणी. घाबरू नको, दाब आणि मावशीचा हात धरून चालायला लाग, मागे बघू नको, मी आलेच, मी तुझ्या